रुतलेले नख आणि लपवलेला पाय

धानाची रोवणी आटोपली की कोंढ्याच्या माझ्या दवाखान्यात पायांच्या तक्रारी वाढतात. तीन-चार आठवडे बांधीतल्या चिखलात उभे राहिलेले ते पाय असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, टाचा भेगाळलेल्या, नखांच्या कडा भिजून मऊ पडलेल्या. तरुण माणसे पाय पुढे करतात, मलम लिहून घेतात आणि जातात. वृद्ध माणसे मात्र पायासाठी म्हणून सहसा येत नाहीत. ती खोकल्यासाठी येतात, रक्तदाब मोजायला येतात. पाय धोतराच्या किंवा लुगड्याच्या काठाआड झाकलेला राहतो.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी असेच एक चौऱ्याहत्तर वर्षांचे शेतकरी सुनेसोबत आले. तक्रार खोकल्याची होती. छाती तपासून मी चिठ्ठी लिहू लागलो, तेव्हा दाराशी काढून ठेवलेल्या त्यांच्या चपलांकडे लक्ष गेले. उजव्या चपलेचा पुढचा पट्टा विळ्याने कापून टाकला होता. डावी चप्पल मात्र धड होती.

“पायाला काय झालं?” मी विचारले.

“काही नाही जी. नख लागते थोडंसं,” ते म्हणाले आणि त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

सूनबाई मात्र बोलल्या. “मामाजी चार महिन्यांपासून रात्री झोपत नाहीत, डॉक्टरसाहेब. अंगावरची चादरही त्या बोटाला लागू देत नाहीत. विचारलं की रागावतात.”

बरीच मनधरणी केल्यावर पाय समोर आला. अंगठ्याच्या आतल्या बाजूचे नख मांसात खोल रुतले होते. कडेवर लालभडक, ओले, हात लावताच रक्त येणारे मांस वाढले होते आणि त्यावर हळद व चुन्याचा थर वाळला होता. त्याखाली पू होता. बोटाने तपासून पाहताना त्यांनी दात घट्ट आवळले, पण तोंडातून शब्द काढला नाही. पुढे त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पाय तं कापा लागणार नाही नं?”

या एका प्रश्नात चार महिन्यांच्या मौनाचे उत्तर होते. त्यांच्या थोरल्या भावाच्या बोटाला असेच काहीसे झाले होते. तो नागपूरला मोठ्या दवाखान्यात गेला आणि परतला तेव्हा गुडघ्याखाली पाय नव्हता. तेव्हापासून या गृहस्थांच्या मनात एक हिशेब पक्का बसला होता, की डॉक्टरांना पाय दाखवला की पाय जातो. प्रत्यक्षात भाऊ किती महिन्यांनी नागपूरला गेला, त्याला साखरेचा आजार होता का, बोट काळे पडल्यावर किती दिवस घरी काढले, हे त्या हिशेबात कुठेच नव्हते. पाय गेला तो दाखवल्यामुळे नव्हे, उशिरा दाखवल्यामुळे. पण दुःख फार जवळचे असले की मनुष्य क्रम विसरतो आणि शेवटचे दृश्य तेवढे लक्षात ठेवतो.

नख मांसात का शिरते

पायाच्या अंगठ्याचे नख वाढताना त्याची कड बाजूच्या कातडीत टोचू लागते. शरीर त्या टोकाला काट्यासारखे परके मानते. सूज येते, सुजेमुळे मांस नखावर चढते, त्यामुळे नख अधिक रुतते आणि ओलसर जखमेत जंतू शिरतात. आपल्याकडे याला सरसकट नखुरडे म्हणतात. नखाभोवती होणारा पू आणि आत रुतलेले नख हे दोन वेगळे विकार आहेत, पण पुष्कळदा दुसऱ्यातूनच पहिला उद्भवतो.

कारणे बहुतेक साधी असतात. नख गोलाकार कापणे, कोपरे ब्लेडने किंवा नराणीने खोल कोरून काढणे, पुढून निमुळती पादत्राणे, बोटावर दगड किंवा जनावराचा पाय पडणे आणि पाय सतत ओले राहणे. कोपरा खोल कापला की दोन दिवस बरे वाटते, म्हणून लोक तेच पुन्हा करतात. पण कातडीखाली राहून गेलेले नखाचे बारीक टोक वाढताना भाल्यासारखे पुढे सरकते. म्हातारपणी यात आणखी भर पडते. नखे जाड, पिवळट व वाकडी होतात, कधी बुरशीमुळे तर कधी केवळ वयामुळे. नजर अधू झालेली असते, कंबर वाकत नाही, गुडघा दुमडत नाही, आणि स्वतःच्या अंगठ्यापर्यंत हात पोहोचणे हेच एक काम होऊन बसते.

टाळाटाळीमागची कारणे

वृद्ध माणूस हट्टी आहे असे म्हणून घरचे मोकळे होतात. मला तो हट्ट वाटत नाही. त्यामागे किमान चार गोष्टी असतात आणि प्रत्येकीला निराळे उत्तर द्यावे लागते.

पहिली गोष्ट लाजेची. पाय हा आपल्याकडे शरीराचा खालचा, धुळीतला भाग. दुसऱ्याने, त्यातही शिकलेल्या माणसाने तो हातात घ्यावा, याचा संकोच वाटतो. पुवाला दुर्गंधी असेल तर हा संकोच अधिकच वाढतो.

दुसरी गोष्ट, आपला भार होऊ नये ही इच्छा. रोवणीच्या दिवसांत घरातली सारी माणसे बांधीत असतात. अशा वेळी एका नखासाठी कोणाची मजुरी बुडवायची, असा विचार आजी-आजोबा करतात. तो चुकीचा असला तरी त्यामागे माया असते, हे विसरू नये.

तिसरी गोष्ट पैशाची. याबाबत एक माहिती द्यायला हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही सारी त्यात येतात. नखाची कड काढणे ही छोटी शस्त्रक्रिया आहे. त्यासाठी घर गहाण टाकावे लागत नाही.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट वेदनेच्या भीतीची. इथे मला आम्हा डॉक्टरांचा दोषही मान्य केला पाहिजे. प्रशिक्षणाच्या काळात एका गर्दीच्या रुग्णालयात मी एका वृद्धाचे नख काढताना पाहिले होते. बधिर करण्याचे इंजेक्शन दिले होते, पण ते लागू पडण्याची वाट पाहायला कोणापाशी वेळ नव्हता. त्या माणसाची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. तो माणूस गावी परतून चार जणांना ती हकीकत सांगणार, आणि त्यातले दोघे तरी जन्मभर अंगठा लपवणार, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. वेदनेची भीती निराधार नसते. ती कोणाच्या तरी घाईतून जन्मलेली असते. म्हणून आता मी इंजेक्शनानंतर घड्याळ समोर ठेवतो आणि रुग्णाला सांगतो, “मी चिमटा घेतो. दुखलं तर सांगा, आपण आणखी थांबू.”

आणखी एक चूक माझ्याही हातून अनेक वर्षे झाली. रुतलेल्या नखासाठी मी प्रतिजैविकांच्या गोळ्या लिहून देई. आठ दिवस बरे वाटे, महिन्याने तेच दुखणे परत येई. नखाचे टोक मांसात आहे तोवर गोळी तात्पुरतीच ठरते. काटा पायातच ठेवून मलम लावण्यासारखे ते आहे. तिसऱ्यांदा गोळ्या घेऊन गेलेला रुग्ण चौथ्यांदा येत नाही आणि ‘डॉक्टरकडे जाऊन काही होत नाही’ असे गावात सांगतो. त्याचे फारसे चुकत नाही.

घरी काय करता येते

दुखणे नवे आहे, पू नाही, आणि रुग्णाला मधुमेह, पायाची बधिरता किंवा रक्तपुरवठ्याचा विकार नाही, अशा वेळी घरचे उपाय जरूर करावेत. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवावा. मग बोटांच्या बेचक्यांसह तो कोरडा पुसावा. नखाची कड मऊ झाल्यावर बाजूची कातडी बोटाने हलकेच नखापासून दूर ओढावी. जमल्यास स्वच्छ कापसाची बारीक वात कडेखाली सरकवून ठेवावी आणि ती रोज बदलावी. पुढून मोकळी चप्पल वापरावी. आठवडाभरात उतार पडला नाही, तर घरचे उपाय संपले असे समजावे.

सुश्रुतसंहितेत नखाच्या मांसाला होणाऱ्या ‘चिप्प’ नावाच्या विकाराचे वर्णन आहे. त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे, पण उपचार सांगताना ऊन पाण्याच्या शेकाबरोबर शस्त्राचाही उल्लेख आहे. रोग क्षुद्र म्हटला म्हणून आपल्या पूर्वजांनी तो सोडून दिला नाही. ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ म्हणणाऱ्या आजोबांना हे अवश्य सांगावे.

आता काय करू नये तेही सांगतो. चुना, इंजिनचे तेल, शेण, तंबाखूची राख यांतले काहीही उघड्या जखमेवर लावू नये. चुन्याने कातडी भाजते. माती व शेण यांतून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. धनुर्वाताची लस बहुतेक वृद्धांनी अनेक वर्षांत घेतलेली नसते, म्हणून जखम दाखवायला याल तेव्हा त्याविषयी विचारा. ब्लेडने कोपरा कोरू नये. आणि पाणी किती ऊन आहे हे रुग्णाच्या पायाने ठरवू नये. माझ्याकडे आलेल्या एका आजींना मधुमेहामुळे पायाची संवेदना उरली नव्हती. ‘पाणी कोमटच लागते’ असे म्हणत त्यांनी पाय बुडवला आणि बाहेर काढला तेव्हा फोड आले होते. नखाचे दुखणे राहिले बाजूला, भाजल्याच्या जखमेवरच दोन महिने उपचार करावे लागले. अशा रुग्णांचे पाय शेकायला बुडवूच नयेत. केवळ धुवायचे असले तरी पाणी घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या कोपराने तपासावे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

पुष्कळांना वाटते की पूर्ण नख उपटतात. बहुधा तशी गरज नसते. पूर्ण नख काढून सोडून दिले तर नवे नख पुन्हा रुतण्याचा संभव राहतोच. आज प्रचलित असलेली पद्धत अशी आहे. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. हे औषध १९४३ मध्ये स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी तयार केले. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी काय सोसले असेल याची कल्पनाच करावी. सुई टोचताना दुखते, औषध आत जाताना क्षणभर आग होते. एवढीच काय ती वेदना. पाच-दहा मिनिटांत बोट बधिर होते. मग नखाची रुतलेली बाजू, साधारण तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी, उभी कापून मुळापासून काढतात. ती बाजू पुन्हा उगवू नये म्हणून तिच्या मुळाला फिनॉल लावतात. फिनॉल लावल्यास नख पुन्हा रुतण्याचे प्रमाण बरेच कमी होते. सारे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. रुग्ण स्वतःच्या पायांनी घरी जातो.

त्या दिवशी पाय उंचावर ठेवावा. बधिरता उतरल्यावर ठणका लागतो, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरते. पट्टी कधी बदलायची ते विचारून घ्यावे. फिनॉल लावल्यावर दोन ते चार आठवडे थोडा ओलावा पाझरत राहतो. तो पू नव्हे, त्याला घाबरू नये. लाली पसरणे, ठणका वाढत जाणे किंवा ताप येणे ही मात्र पुन्हा दाखवण्याची कारणे आहेत. पायाच्या अंगठ्याचे नख अतिशय सावकाश वाढते. ते मुळापासून टोकापर्यंत यायला वर्ष-दीड वर्ष लागते. म्हणून कधी पूर्ण नख काढावे लागलेच, तर ‘सहा महिने झाले, नख आले नाही’ म्हणून काळजी करू नये.

हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गोळ्यांची पाकिटे सोबत आणून दाखवावीत. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

ज्यांनी एक दिवसही थांबू नये

मधुमेह असलेल्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. अनेक वर्षे साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. मग नख रुतले तरी दुखत नाही. ज्याला दुखत नाही त्याला अधिक धोका असतो. विडी किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर रक्तपुरवठा आणखी घटतो. आमचा जिल्हा विडीचा, घरोघरी विड्या वळल्या गेल्या, म्हणून हे सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. अशा पायांवर कापाकापी करण्यापूर्वी पायाची नाडी लागते की नाही हे डॉक्टर पाहतात. ती लागत नसेल तर आधी रक्तपुरवठ्याचा विचार, मग नखाचा.

दुसरा गट हत्तीपायाच्या रुग्णांचा. भंडारा जिल्हा पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. सुजलेल्या पायाला वरचेवर थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, जांघेत गाठ येते. घरचे त्याला हिवताप समजतात. पुष्कळदा त्या तापाचे जंतू नखाच्या कडेच्या किंवा बोटांच्या बेचक्यातल्या जखमेतूनच आत शिरलेले असतात आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज थोडी अधिक पक्की होते. रोज साबणाने व स्वच्छ पाण्याने पाय धुणे, बेचके कोरडे करणे आणि जखमेवर लगेच उपचार करणे, एवढ्यानेही हे ताप पुष्कळ कमी होतात. हत्तीपायाच्या रुग्णाचे रुतलेले नख म्हणूनच कधीही किरकोळ समजू नये.

शिवाय बोट निळे किंवा काळे पडणे, लाली पावलाकडे चढत जाणे, ताप येणे, दुर्गंधी येणे, नखाखाली नवी काळी रेघ उमटणे किंवा महिना उलटूनही न भरणारी गाठ, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सोबत करणाऱ्यांसाठी

आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर, घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय उजेडात पाहावेत. तेव्हा नखे मऊ झालेली असतात. ती सरळ रेषेत कापावीत, कोपरे कातडीच्या वर राहतील इतपत ठेवावेत, टोक टोचत असेल तर कानशीने हलकेच घासावे. फार जाड नखे एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. मधुमेही किंवा बधिर पायांची अवघड नखे घरी कापूच नयेत. चप्पल किंवा बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. पाय बधिर असेल तर जाड कागदावर पावलाची आकृती काढून ती दुकानात न्यावी. घट्टपणा पायाला कळत नसला तरी कागदाला कळतो.

आणि विचारताना ‘पाय दाखवा’ असा हुकूम देऊ नये. पाय धुवायला पाणी घेऊन जवळ बसावे. जे विचारून कळत नाही ते पाय धुताना कळते.

त्या आजोबांची साखर त्या दिवशी प्रथमच तपासली गेली. ती २६८ निघाली. पायाची नाडी मात्र चांगली लागत होती आणि हाच त्यांच्या भाग्याचा भाग होता. साखरेवर व जंतुसंसर्गावर उपचार सुरू केले, रोज जखम धुतली, आणि पाचव्या दिवशी नखाची बाजू काढली. चिमटा घेऊन विचारले तेव्हा ते म्हणाले, “काहीच नाही लागत जी. कराच तुम्ही.” काम संपल्यावर त्यांनी ती काढलेली पट्टी पाहायला मागितली. तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीचा तो तुकडा ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

मी त्यांना सहज विचारले, “बैल लंगडला असता तर किती दिवस थांबला असता?”

“एक दिवस नाही,” ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “मोठ्या भावालेही तेव्हाच आनलं असतं तं.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पोळ्याच्या दिवशी ते बैलामागे तोरणापर्यंत चालत गेले, असे सूनबाईंनी पुढच्या भेटीत सांगितले. पायात नवी चप्पल होती, पुढून मोकळी, आणि दोन्ही पट्टे धड होते.

वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घराच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला एकदा पाहा. एखाद्या चपलेचा पट्टा कापलेला, टाच दुमडलेली किंवा एकच बाजू झिजलेली दिसली, तर ती कोणाची आहे याची चौकशी करा. सांगायला संकोचणारा माणूस पुष्कळदा चपलेतून बोललेला असतो.